दातावर दात बसत नाही: लेकीचा चावा, माझा चावा (सोलापूरकरांचे अनुभव हवे आहेत)

आसावरी_जुळेसोलापूर | ९ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात माझी मुलगी कॉलनीत सायकलवरून तोंडावर पडली. गुडघ्याला खरचटलंसुद्धा नाही, पण वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा तिरपा तुटला. रस्त्यावर वाकून वाकून शोधला, तुकडा सापडला नाही. सात रस्त्याजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दाताच्या रंगाचं फिलिंग करून कोपरा बसवून दिला. ते करता करता म्हणाले, "मी आज भरलंय, पण हिचे दात इतके पुढे आहेत की पुढच्या वेळी पडली तरी पहिला मार दातांनाच बसणार. ओठ झाकायला येतच नाही त्यांना."

घरी येऊन तिला उजेडात उभं केलं आणि नीट बघितलं. वरचे चारही दात पुढे आणि खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसलेला. दहा वर्षं हे तोंड मी रोज बघते. काकडीचं काप ती पुढच्या दातांनी तोडत नाही, तोंडाच्या कडेला नेऊन दाढेने तोडते. पेरू नको म्हणते. झोपेत तोंड उघडं असतं, उशी ओली होते. या सगळ्या गोष्टी मला सुट्या सुट्या माहीत होत्या, एकत्र कधी लावल्या नव्हत्या.

मग तारा लावणाऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बारीक पट्टीने मोजलं. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांत ९ मिलिमीटर अंतर आहे, ते २ ते ३ असायला हवं. वर-खाली दोन प्लेटा घालायच्या म्हणाले, आणि तेरा वर्षांच्या आसपास पुन्हा तारा.

घरात यावर दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, वय वाढलं की तोंड भरतं आणि दात आपोआप आत जातात, नणंदेचे गेले होते. सासऱ्यांचं म्हणणं, आत्ता अभ्यासाचं वय आहे, लग्नाच्या आधी वर्षभर तारा लावू. दोघांचंही मन मायेचं आहे, वाद घालावासा वाटत नाही. पण 'लग्नाच्या आधी' हे शब्द ऐकले की मला माझंच तोंड आठवतं, म्हणून हा धागा.

मी चौदा वर्षांची असताना आईने मलाही एका दवाखान्यात दाखवलं होतं. तिथे उत्तर मिळालं, "दात सरळ आहेत, मुलगी दिसायला छान आहे, काही करायला नको." दात सरळ होतेच. पण तोंड मिटलं की माझे खालचे दात अजिबात दिसायचे नाहीत, वरच्या दातांच्या मागे पूर्ण लपायचे. याला डीप बाइट म्हणतात हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. तोवर खालच्या दातांच्या कडा वीस वर्षं टाळूच्या हिरडीवर आपटत राहिल्या होत्या. वरच्या दातांमागे दुखायचं, मला वाटायचं गरम चहाने भाजतंय. ब्रश केला की रक्त यायचं, तेव्हा पेस्ट बदलली. शेवटी वरचा एक दात हलायला लागला आणि एक्सरेमध्ये कळलं की त्या दाताभोवतीचं हाड झिजलंय. आधी हिरड्यांचे उपचार, मग अडीच वर्षं तारा. आता खालचे दात टाळूला लागत नाहीत, रक्त थांबलं, दात हलत नाही. पण गेलेलं हाड आणि हिरडी परत आली नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं.

म्हणजे मला कोणी 'दिसायला' तपासलं, 'चावायला' कोणी तपासलंच नाही. मुलीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही.

मला विचारायचंय ते असं. दहाव्या वर्षी सुरू करणं खरंच गरजेचं आहे का, की दोन वर्षं थांबलं तरी चालेल? १६ तारखेला शाळा सुरू होतेय, प्लेटा घालून बोलता येतं का? आणि ज्यांनी लहानपणी किंवा मोठेपणी चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, दुरुस्त करून घेतला त्यांना तब्येतीत नक्की काय फरक पडला? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

---

कडक_भाकरी | ९ जून, रात्री १०:२०

चांगला विषय काढलात ताई. आमच्या चिरंजीवांना दीड वर्षं झालं तारा आहेत. खाण्यापिण्याबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे, उद्या सवडीने लिहितो.

---

पारिजातक | १० जून, दुपारी २:३५

आसावरीताई, मी सोलापुरातच हेच काम करते, ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात आणि चावा जुळवण्याच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहे. तुमच्या मुलीला तपासल्याशिवाय तिच्यासाठी काय योग्य ते सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण तुमच्या प्रश्नांमागचा भाग सांगते.

चावा तीन दिशांनी चुकतो. पुढे-मागे, म्हणजे तुमच्या मुलीसारखे वरचे दात पुढे किंवा त्याच्या उलट खालचा जबडा पुढे. वर-खाली, म्हणजे तुमच्यासारखा खोल चावा किंवा त्याच्या उलट, दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहते तो उघडा चावा. आणि आडवा, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसतात. दात रांगेत सरळ असूनही चावा चुकलेला असू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या पालकांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

१८९९ मध्ये एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने वरची आणि खालची पहिली मोठी दाढ एकमेकींवर कशा बसतात, यावरून तीन वर्ग पाडले. आजही केसपेपरवर 'क्लास टू' लिहिलेलं दिसतं ते त्याचंच. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. दुधाच्या दाढांच्या मागे येते आणि तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. किडली तर "पडेल आणि नवीन येईल" म्हणून भरत नाहीत. ती कायमची दाढ आहे, पडून नवीन येत नाही. सगळा चावा जिच्यावर उभा राहतो तीच दाढ दहाव्या वर्षी काढावी लागते तेव्हा मला फार वाईट वाटतं. दुधाची दाढ किडून लवकर गेली तरी शेजारचे दात त्या जागेत कलंडतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाटच राहत नाही. चावा बिघडण्याची बरीच सुरुवात इथून होते आणि ती टाळता येण्यासारखी असते.

आता 'थांबलं तर चालेल का'. पुढे आलेल्या दातांबद्दल जगभरचे अभ्यास एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला आहे. लहानपणी एक टप्पा आणि किशोरवयात दुसरा, असे दोन टप्पे केले तर पुढच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण कमी होतं. हा फायदा ठळक आहे. पण तो सोडला तर दोन टप्पे केलेली मुलं आणि किशोरवयात एकदाच उपचार घेतलेली मुलं, शेवटी साधारण सारखीच दिसतात. म्हणून मी सगळ्यांना घाईने प्लेटा देत नाही. ज्या मुलीचा दात एकदा तुटलाय, ओठ दातांमागे अडकतोय, किंवा शाळेत चिडवतात म्हणून जी हसणंच सोडते, तिच्या बाबतीत पारडं लवकर करण्याकडे झुकतं.

तुम्ही लिहिलेल्या प्लेटा बहुधा ट्विन ब्लॉक असाव्यात. त्याची जन्मकथा तुमच्या गोष्टीशी जुळते. १९७७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉ. विल्यम क्लार्क यांच्याकडे त्यांच्या एका सहकारी दंतवैद्याचा मुलगा आला. तो पडला होता आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट निघाला होता. दात परत बसवला, पण खालचा ओठ मागून त्याला सारखा ढकलत होता, दात स्थिर होईना. ओठ तिथून काढायचा तर खालचा जबडा पुढे धरायला हवा, म्हणून त्यांनी वर-खाली उतरत्या कडांचे दोन ठोकळे केले. तोंड मिटलं की त्या उतारावरून खालचा जबडा पुढे सरकतो. जेवतानाही घालता येतात. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर एक-दोन वर्षांनी. त्या काळात हे उपकरण चांगलं काम करतं. "जबडा लांब होतो" असं जाहिरातीत वाचाल, तर खरं असं आहे की बराचसा फरक दात हलून पडतो, जबड्याच्या वाढीचा वाटा त्यात लहान असतो.

सासूबाईंना एवढंच सांगा की पटाशीचे दात नवे येतात तेव्हा त्यांच्यात फट असते, ती सुळे आल्यावर बऱ्याचदा आपोआप भरते. त्यांनी पाहिलेलं ते हेच असेल. ९ मिमीचं अंतर मात्र आपोआप जात नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, घासू नका, आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे जागेवर बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दुधात टाका आणि तासाच्या आत दवाखाना गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही.

---

आसावरी_जुळेसोलापूर | १० जून, दुपारी ४:१०

पारिजातक, मनापासून आभार. दुधाचं मला माहीतच नव्हतं. कॉलनीच्या ग्रुपवर आत्ताच टाकते.

---

सविता_पूर्वभाग | १० जून, रात्री ११:०५

मी कधी लिहीत नाही इथं, नुसतं वाचते. आज लिहिते.

माझ्या धाकट्या भावाचा खालचा जबडा पुढे आहे. लहानपणी खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यायचे, आम्हाला वाटायचं तो मुद्दाम करतो. तो सात-आठ वर्षांचा असताना शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते, त्यांनी चिठ्ठी दिली होती की मोठ्या डॉक्टरला दाखवा. आई विड्या वळते. तिला हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी मिळते, एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाचे पैसे गेले. वडील यंत्रमागावर, दोन पाळ्या. ती चिठ्ठी कपाटात राहिली. कुणाचा दोष नाही बगा, दुखत नव्हतं म्हणून राहिली.

आता तो बावीस वर्षांचा आहे. भाकरी आमटीत पूर्ण विरघळेपर्यंत थांबतो, मटण खात नाही, जेवायला सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ लागतो म्हणून लग्नाकार्यात पंगतीला बसत नाही. पुढचे दात उलटे घासून झिजलेत. दोन वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा त्याला केगावच्या डेंटल कॉलेजात नेलं. त्यांनी सांगितलं, आता हाडाची वाढ संपली, नुसत्या तारांनी होणार नाही, आधी तारा आणि मग जबड्याचं ऑपरेशन. तारा लावून चौदा महिने झालेत. त्यांनी आधीच बजावलं होतं की ऑपरेशनच्या आधी दात त्यांच्या खऱ्या जागी आणतात, त्यामुळे मधले काही महिने चावा आणखी वाईट दिसेल. तसंच झालंय. त्याला धीर देत राहते.

लहान असताना काही करता आलं असतं का? मला हे विचारायचं होतं. उत्तर कसंही असू दे.

---

पारिजातक | ११ जून, सकाळी ८:१५

सविता, उत्तर सरळ देते. साधारण सात ते नऊ वर्षांच्या वयात, वरचा जबडा मागे राहिलेला असेल तर कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा फेस मास्क रोज बारा-चौदा तास घालून वरचा जबडा पुढे ओढता येतो. काही मुलांचं त्याने निभावतं. पण ज्यांचा खालचा जबडा जोरात वाढणाराच असतो, त्यांच्यात लहानपणी सगळं करूनही पुढे ऑपरेशन लागतं. तुझा भाऊ कोणत्या गटातला होता हे आज कुणालाच सांगता येणार नाही. चिठ्ठीचं ओझं तू वाहू नकोस. तू त्याला नेलंस, वाढ पूर्ण झाल्यावर नेलंस, आणि ऑपरेशनसाठी हेच वय बरोबर आहे. ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ आणि मऊ खाणं लागेल, खालच्या ओठाला बरेच दिवस बधिरपणा राहू शकतो, काहींना थोडा कायमचा राहतो. हे आधी विचारून घे. चावण्यात मात्र त्याला फार मोठा फरक जाणवेल.

---

विनायक_होटगीरोड | ११ जून, दुपारी १२:४०

वेगळा अनुभव सांगतो, राग मानू नये. माझा जबडा उघडताना कानाजवळ कट् आवाज येतो आणि डोकं दुखतं. एका दवाखान्यात सांगितलं की चावा चुकलाय म्हणून मायग्रेन आहे, मानदुखी आहे, तारा लावल्या की सगळं जाईल. पोटसुद्धा सुधारेल म्हणाले. एकतीस वर्षांचा होतो, विश्वास ठेवला, दोन वर्षं तारा घातल्या. दात सुरेख झाले. आवाज तसाच, डोकेदुखी तशीच. पुढे पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसच्या चार खेपा घातल्या तेव्हा कळलं की मी झोपेत दात करकरा चावतो आणि ताणाने जबड्याचे स्नायू आखडतात. रात्री घालायची एक स्प्लिंट (दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी), व्यायाम आणि झोपेची वेळ सुधारल्यावर फरक पडला. चावा दुरुस्त केल्याचे फायदे असतीलच, पण ज्या गोष्टी होणार नाहीत त्या विकू नयेत.

---

पारिजातक | ११ जून, दुपारी ३:२०

विनायकराव, राग कसला? हे इथे यायलाच हवं होतं.

१९८७ मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये एका तरुणीने याच्या उलट दावा जिंकला होता, तारांमुळे तिच्या जबड्याचा सांधा बिघडला म्हणून. त्यानंतर या प्रश्नावर खूप संशोधन झालं. आज आमच्या शाखेत मानलं जातं ते असं की तारा या सांध्याचा आजार निर्माण करत नाहीत आणि तो बराही करत नाहीत. डोकेदुखी, मानदुखी जाईल म्हणून कोणी तारा लावत असेल तर दुसरं मत घ्या. पचनाचंही तेच. नीट चावता येतं हे खरं, जेवण सोपं होतं हेही खरं, पण पोटाचे विकार बरे होतात असं म्हणायला पुरेसा आधार नाही.

मग खात्रीने काय मिळतं? पुढे आलेल्या दातांना मार बसण्याचा धोका कमी होतो. आसावरीताईंसारखा खोल चावा असेल तर टाळूची आणि हिरडीची जखम थांबते. उलट्या चाव्यात दात एकमेकांवर घासून झिजतात, ते थांबतं. वरचा जबडा अरुंद असलेल्या मुलांचा खालचा जबडा तोंड मिटताना एका बाजूला घसरतो, पुढे चेहरा तिकडे वाकडा वाढू शकतो, ते लहान वयात थोपवता येतं. यात टाळूच्या मधल्या शिवणीचा उपयोग होतो. टाळू दोन अर्ध्या भागांचा असतो आणि ती शिवण किशोरवय संपताना घट्ट होत जाते. त्याआधी स्क्रू असलेलं उपकरण बसवतात आणि घरी आई किंवा बाबा छोट्या किल्लीने ते फिरवतात, दर वेळी पाव मिलिमीटर. काही आठवड्यांत वरच्या पटाशीच्या दातांत फट दिसते. घाबरून फोन येतात, पण ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण आहे, आणि ती पुढे आपोआप मिटते. सोळा-सतरा वर्षांनंतर हेच काम खूप अवघड होतं.

गर्दी असलेले दात सरळ झाले की ब्रश सगळीकडे पोचतो. पण ब्रश करणाराच नसेल तर सरळ दातही किडतात.

झोपेत तोंड उघडं राहणाऱ्या मुलांना आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या गाठी, म्हणजे अडेनॉइड, वाढल्या असतील तर मूल तोंडानेच श्वास घेणार. आसावरीताई, तुम्ही हे केलंय का?

---

आसावरी_जुळेसोलापूर | ११ जून, संध्याकाळी ७:००

नाही केलं. शनिवारी नेते.

---

माधुरी_निवृत्त_शिक्षिका | १२ जून, सकाळी १०:३०

पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, त्यातून एक निरीक्षण सांगते. आपल्या मराठीत दोन 'च' आहेत. 'चार', 'चहा' यांतला टाळूचा, आणि 'चाक', 'चांदणं' यांतला दातांजवळचा. 'जाळं' आणि 'झाड' यांचंही तसंच. हा दुसरा 'च' काढताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ज्या मुलांच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये फट असायची त्यांची जीभ त्या फटीतून बाहेर यायची आणि 'स', 'च' बोबडे व्हायचे. वर्गात हसं व्हायचं, मग ती मुलं वाचायला उभीच राहत नसत. आम्ही त्यांना दम देऊन पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो. आज मला त्याचं फार वाईट वाटतं. तोंडाची ठेवणच तशी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातली बरीच मुलं पाच-सहा वर्षांपर्यंत अंगठा चोखणारी असायची, हेही आठवतं.

---

पारिजातक | १२ जून, दुपारी १:०५

बाई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. चार वर्षांच्या पुढे अंगठा सुटला नाही तर पुढचा चावा उघडा राहायला लागतो. लवकर सुटला तर बऱ्याच मुलांची फट आपोआप कमीही होते. अंगठ्याला तिखट लावणं, हात बांधणं हे करू नका, मूल लपून चोखतं. फट मिटवली तरी जिभेची जुनी सवय राहते, म्हणून काही मुलांना सोबत वाचा-उपचारही लागतात.

---

कडक_भाकरी | १२ जून, रात्री ९:१५

उशीर झाला, पण कबूल केल्याप्रमाणे खाण्याबद्दल.

सोलापुरात तारा लावून राहणं म्हणजे जेवणाची सगळी घडी बदलणं. कडक भाकरी पूर्ण बंद. ताजी ज्वारीची भाकरी चालते, बारीक मोडून दुधात नाहीतर आमटीत. शेंगा चटणी चालते, पण तिचा कूट तारांच्या खाली जाऊन बसतो, म्हणून दह्यात कालवून देतो आणि लगेच चूळ भरायला लावतो. हुरडा पहिल्या वर्षी मळ्यात गेलो तेव्हा त्याने इतरांसारखा मूठभर तोंडात टाकला आणि दाढेवरचं ब्रॅकेट (तार धरून ठेवायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) निघालं. ऊस सोलून खाणं बंद, रस चालतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत चिक्की घेतली, दुसरं ब्रॅकेट गेलं. दर वेळी ब्रॅकेट निघालं की तो दात तेवढे दिवस जागच्या जागी राहतो आणि उपचार लांबतात. आमचे अठरा महिने ठरले होते, आता बावीस सांगितलेत.

तार गालाला टोचली तर पांढरं मेण मिळतं, त्याची वाटाण्याएवढी गोळी करून तिथे लावायची. तार आवळून आल्यावर दोन-तीन दिवस दुखतं. त्या दिवसांत मऊ खिचडी, पिठलं, केळं.

सगळ्यात महत्त्वाचा ब्रश. माझ्या पुतणीने तारा असताना ब्रशचा कंटाळा केला. तारा काढल्या तर प्रत्येक ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग. दात सरळ, पण डाग कायम. मुलाला तिचे दात दाखवले, तेव्हापासून फ्लोराइडची पेस्ट आणि दोन्ही वेळ ब्रश सांगावा लागत नाही.

खर्च आमचा एकूण ३८ हजार ठरला, हप्त्याहप्त्याने भरतोय.

---

रेवा_२२ | १३ जून, सकाळी ११:५०

सगळं वाचतेय. मला चार चांगले दात काढायला सांगितलेत, सुळ्यांच्या मागचे. न किडलेले दात कसे काढायचे? रात्री झोप लागली नाही. कोणी काढलेत का?

---

पारिजातक | १३ जून, दुपारी ३:०५

रेवा, हा वाद आमच्या शाखेइतकाच जुना आहे. अँगल म्हणायचा, पूर्ण बत्तीस दात ठेवूनच चावा जुळवायचा. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने तसं केलं आणि काही वर्षांनी पाहिलं तर कित्येकांचे दात पुन्हा पुढे आलेले. त्याने आपल्याच शंभर रुग्णांवर, दात काढून, पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये ते सहकाऱ्यांसमोर मांडले. आज कुठलंच टोक धरत नाहीत. हाडात जागा किती आणि दातांना किती लागते, ओठ किती पुढे आहेत, हे एक्सरे आणि साच्यावर मोजून ठरवतात. तू डॉक्टरांना दोन प्रश्न विचार: माझ्या जबड्यात किती मिलिमीटर जागा कमी आहे, आणि दात न काढता केलं तर काय होईल. आकडा सांगता येत नसेल तर दुसरीकडे दाखव.

---

ऋतुजा_पुणे_सोलापूर | १३ जून, रात्री १०:४५

रिटेनरबद्दल (तारा निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचं उपकरण) कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या तारा सोळाव्या वर्षी निघाल्या. रात्री घालायला रिटेनर दिला होता. पुण्याला हॉस्टेलवर मेसमध्ये जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, ताटाबरोबर कचऱ्यात गेला. नवीन करायला सोलापूरला यायचं म्हणून आज-उद्या करत वर्ष काढलं. खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढले. आता चोविसाव्या वर्षी दुसऱ्यांदा उपचार चालू आहेत.

दात हलतो तेव्हा एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. ते नवं हाड पक्कं व्हायला वेळ लागतो, आणि हिरडीचे धागे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. हे मला आत्ता दुसऱ्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. पहिल्यांदा कोणी समजावलं असतं तर मी तो डबीत ठेवला असता. डबी घ्या, मुलांना जेवताना डबीचीच सवय लावा.

---

विनायक_होटगीरोड | १४ जून, सकाळी ९:३०

ऑनलाइन साचा पाठवून घरपोच पारदर्शक अलायनर (तारांऐवजी दातांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं) मिळतात, त्याबद्दल कोणाला माहिती? भाची विचारतेय.

---

पारिजातक | १४ जून, दुपारी १:१५

अलायनर हे साधन चांगलं आहे, योग्य केसमध्ये मीही वापरते. पण एक्सरे न काढता, हिरड्या आणि हाड न तपासता कोणी दात हलवत असेल तर नको. आसावरीताईंच्या हाडासारखी स्थिती एखाद्या दाताखाली असेल आणि तो तसाच ढकलला, तर दात हातात येईल. समोर बसून तपासणारा, नोंदणी असलेला डॉक्टर असू दे.

---

आसावरी_जुळेसोलापूर | २१ सप्टेंबर, रात्री ८:४०

बरेच जण विचारत होते म्हणून काय झालं ते लिहिते.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेलं. अडेनॉइड थोडे वाढलेले निघाले, ऑपरेशन नको म्हणाले, नाकातला स्प्रे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. उशी आता ओली होत नाही.

प्लेटा २७ जूनला बसवल्या. पहिले तीन दिवस फार कठीण गेले. लाळ गळायची, बोलणं कळायचं नाही, रात्री रडून काढून ठेवल्या. मी ओरडले नाही, फक्त पुन्हा घालून दिल्या. शाळेत वर्गशिक्षिकेला आधी भेटून आले होते. त्यांनी पहिला आठवडा तिला मोठ्याने वाचायला सांगितलं नाही, दुसऱ्या आठवड्यात तीच हात वर करून उभी राहिली. घरी ती रोज रात्री मोठ्याने वर्तमानपत्र वाचते, त्याने जीभ सरावली. माधुरीबाई, तुमची पोस्ट मी वर्गशिक्षिकेला वाचायला दिली होती.

सासूबाईंनी भाकरी मऊ करण्याची पद्धत बदलली, पीठ उकळत्या पाण्यात मळतात. प्लेट काढली की डबीत गेली का हे त्याच बघतात. गेल्या बुधवारी दवाखान्यात त्या सोबत आल्या होत्या. अंतर मोजलं, ९ चं ६ झालंय. डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सहा महिने, मग नुसत्या रात्री.

निघताना सासूबाईंनी त्यांना धाकट्या नातवाबद्दल विचारलं. दिराचा मुलगा, सहा वर्षांचा, तोंड मिटताना त्याची हनुवटी डावीकडे सरकते. आम्हाला सगळ्यांना ती त्याची लकब वाटायची. शनिवारी अकराची वेळ घेतलीय, दोन्ही आज्या येणार आहेत.

सविता, भावाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का?

---

सविता_पूर्वभाग | २१ सप्टेंबर, रात्री ११:२०

मिळाली ताई. दिवाळीनंतरची. आईनं त्या आठवड्यात विड्यांचं काम घेतलं नाहीये.